कागद, पाइप आणि धैंचा

धैंच्याचं रान पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते पीकच वाटतं. दाट, सरळ उभी रोपं, चिंचेसारखी बारीक पानं, शेंड्याला पिवळ्या कळ्या धरू लागलेल्या. बारामतीहून भवानीनगर, सणसर, लासुर्णे असं इंदापूरच्या दिशेला निघालं की आषाढात असे तुकडे मधूनमधून दिसतात. चहूबाजूंनी ऊस आणि मध्येच हा वेगळा, पोपटी हिरवा चौकोन. पेरून पंचेचाळीस-पन्नास दिवस झाले, फूल आता उमलेल अशी वेळ आली की शेतकरी ट्रॅक्टर घालतो आणि उभं रान मातीत गाडून टाकतो. त्यातून एक दाणाही घरी येत नाही. एवढं जोमदार हिरवं रान नांगराखाली आडवं होताना पाहून परक्या माणसाला हळहळ वाटते. शेतकऱ्याला वाटत नाही, कारण या तुकड्यात त्याआधी काय उगवत होतं ते त्याला ठाऊक असतं. काहीच उगवत नव्हतं.

अशा रानाच्या कडेला अजूनही पांढरी असते. मिठासारखी पूड, पावसाच्या सरीनं विरघळणारी आणि दोन दिवस ऊन पडलं की पुन्हा वर येणारी. या भागात त्याला जमीन ‘फुटली’ म्हणतात. त्याच्याही पुढची अवस्था म्हणजे चोपण. ओली असताना पाय घसरवणारी, वाळली की विटेसारखी. कुदळ मारली तर हात झिणझिणतात.

ज्यांनी या दुखण्याचा पुरता पिच्छा पुरवला आहे, त्यांच्या रानात जमिनीखाली साधारण चार फुटांवर आणखी एक गोष्ट असते. भोकं पाडलेला, अंगावर वळ्या असलेला प्लॅस्टिकचा पाइप, वरून गाळणीचं कापड गुंडाळलेला. ठरावीक अंतरानं अशा ओळी टाकतात, त्या एका मोठ्या पाइपाला जोडतात आणि त्याचं तोंड ओढ्यात नाहीतर उघड्या चरात सोडतात. म्हणजे खाली कारखान्यात घडवलेली वस्तू आणि वर जिवंत झाड. हा लेख त्या दोघांच्या भागीदारीबद्दल आहे. नीरा खोऱ्यात ती जिथे जमली तिथे जमीन उठली, आणि जिथे एकट्या वस्तूवर भरवसा टाकला तिथे जमीन बसली. हे मी तिथली रानं हिंडून आणि या कालव्याचा दीड शतकाचा इतिहास चाळून म्हणतो आहे.

इतिहास दुष्काळापासून सुरू होतो. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खन होरपळला. त्या वेळी बारामती भीमथडी तालुक्यात होती, आणि भीमथडी-इंदापूर हा पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा, तोही बेभरवशाचा मुलूख. दुष्काळी कामं म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई हाती घेतली गेली आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं. वर भाटघरचं धरण, खाली वीरचा बंधारा आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूर असा दीडशे किलोमीटरच्या आसपास वळणं घेत जाणारा कालवा. दगड, चुना आणि सर्वेक्षणातली अचूकता यांचं ते मोठं काम होतं. ज्यांच्या आज्यांनी दुष्काळात गाव सोडलं होतं, त्यांच्या दारात उसाचं गुऱ्हाळ आलं.

पण कालव्यानं पाणी आणण्याचीच सोय केली होती. ते परत जायचं कसं, याचा विचार त्यात नव्हता. काळी जमीन पाणी धरून ठेवते. खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा अभेद्य कातळ. उसाला भरमसाट पाणी पाजलं की भूजल वर सरकतं आणि कातळाच्या झिजेतून हजारो वर्षं मातीत साचलेले क्षार सोबत घेऊन येतं. पाणी उन्हानं उडून जातं, क्षार वर राहतात. कालवा सुरू होऊन पुरती पंचवीस वर्षं झाली नव्हती तोच पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी सहकारी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र अहवाल लिहिला. मुंबई सरकारच्या शेतकी खात्यानं तो १९१० मध्ये प्रसिद्ध केला. मॅन म्हणजे पुढे पिंपळे सौदागरचा घरोघर अभ्यास करणारा माणूस. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे दुखणं इतकं उघड होतं की त्यावर सरकारी पुस्तिका निघाली, हे आज वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

त्याच्याही थोडं आधी याच कालव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या मुंबई इलाख्यातल्या अभियंत्यानं ब्लॉक पद्धत सुचवली होती. सलग जमिनीचे ब्लॉक पाडायचे, एका वेळी त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शात ऊस आणि उरलेल्यात दुसरी पिकं घ्यायची आणि जागा पाळीपाळीनं बदलायची. पाण्याच्या वाटपाची ही योजना म्हणून तिची नोंद होते. मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. कालव्याचा आराखडा हाती असलेला अभियंता पिकांच्या फेरपालटाबद्दल बोलत होता, म्हणजे दगडाच्या कामात झाडाला जागा देत होता. ब्लॉक हा शब्द कालव्याच्या दप्तरात उरला. फेरपालट मात्र हळूहळू विरली. सहकारी साखर कारखाने आले, माळेगावला, भवानीनगरला. वालचंदनगरचा खासगी कारखाना तर त्यांच्या दोन दशकं आधीचा. उसाला हमखास गिऱ्हाईक मिळालं. हमखास पैसा देणारं पीक सोडून तीन वर्षांतून एकदाच ऊस लावा असं सांगणं सोपं नव्हतं, आणि कुणी तितक्या नेटानं सांगितलंही नाही.

आता पुन्हा धैंच्याकडे येतो, कारण खरी नवलाई तिथे आहे.

चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो. सोडियमनं भारलेले कण एकमेकांना धरत नाहीत. पाणी लागलं की ते सुटे होऊन पसरतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवतात. अशा जमिनीत नुसता पाइप टाकला तर विचित्र प्रकार घडतो. वर चिखल, गुडघाभर पाणी, आणि चार फुटांवरचा पाइप कोरडा. पाणी खाली उतरतच नाही. लाखभर रुपये मातीत घालून शेतकरी पाइपाच्या तोंडाशी बसून राहतो आणि थेंब येत नाही.

सोडियमला हुसकावून त्याची जागा कॅल्शियमनं घेतली की माती पुन्हा रवाळ होते. त्यासाठी जिप्सम टाकतात, ते विकत आणावं लागतं. पण या खोऱ्याच्या मातीत कॅल्शियम आधीच गच्च आहे, चुनखडीच्या खड्यांच्या रूपात. नांगरटीत पांढरे खडे वर येतात तेच. अडचण अशी की चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे औषध घरातच आहे, पण कुलपात. त्या कुलपाची किल्ली धैंच्याच्या मुळांकडे आहे. मुळं श्वास घेतात, कर्बवायू सोडतात. मातीतल्या ओलाव्यात त्याचं सौम्य आम्ल होतं आणि ते चुनखडीला खातं. पुढे रान गाडलं की कुजताना जिवाणू आणखी कर्बवायू, आणखी सेंद्रिय आम्लं तयार करतात. कॅल्शियम सुटतो, मातीच्या कणावरच्या सोडियमला ढकलतो आणि मोकळा झालेला सोडियम पाण्यात उतरतो. शिवाय मुळं मेली की त्यांच्या जागी उभ्या नळ्या उरतात. त्या वाटेनं पाणी खाली सरकतं आणि पहिल्यांदाच पाइपापर्यंत पोचतं. पाइप नसता तर हा सोडियम तिथेच घोटाळून उन्हाळ्यात पुन्हा वर आला असता. धैंचा नसता तर पाइप कोरडा राहिला असता.

जीव आणि वस्तू यांची अशीच एक भागीदारी परदेशात गाजली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथल्या तंत्रविद्यापीठात हेंक योंकर्स या संशोधकानं काँक्रीटमध्ये सुप्त जिवाणू मिसळले. भेग पडून पाणी आत शिरलं की ते जागे होतात, चुनखडी तयार करतात आणि भेग आपोआप भरते. जगभर त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. तिथे जीव चुनखडी घडवून दगड सांधतो. लासुर्ण्याच्या रानात जीव चुनखडी विरघळवून मातीला श्वास देतो. जिवंत आणि घडीव यांची सांगड म्हणजे प्रयोगशाळेतली नवी विद्याशाखा, अशी आपली समजूत होऊ लागली आहे. मला धैंचाही त्याच शाखेतला वाटतो, फक्त त्याचं बी कृषी सेवा केंद्रात किलोवर मिळतं.

हे काम एका हंगामात होत नाही. दोन-तीन पावसाळे धैंचा गाडावा लागतो, मळी आणि शेणखत घालावं लागतं, मग क्षार सोसणारं वाण लावून अंदाज घ्यावा लागतो. नीरेच्या काठी पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथून आलेला फुले २६५ हा ऊस अशा जमिनीत तग धरतो म्हणून क्षारपड पट्ट्यात आवडीनं लावला जातो. आणखी एक पथ्य जुने जाणते सांगतात. पाइपाच्या ओळीवर झाड लावायचं नाही. मुळं गाळणीच्या कापडातून आत शिरतात आणि पाइप तुंबवून टाकतात. इथे जीवही वस्तूचा वैरी होऊ शकतो.

कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी चढत नाही, तिथे गोष्ट उलटी आहे. बारामतीचा सुपे-मोरगावकडचा, शिर्सुफळकडचा जिरायती पट्टा आणि इंदापूरच्या डाळिंबाच्या माळावरची गावं. इथे पाणी साचण्याचं नाही, न टिकण्याचं दुखणं. मुरमात खड्डा खणला की पाणी आठवड्यात झिरपून जातं. म्हणून शेततळ्याला कागद लागतो.

कागद म्हणजे पाचशे मायक्रॉन जाडीचं काळं प्लॅस्टिक. शेतकऱ्याच्या तोंडी त्याला दुसरा शब्द नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली, तीत ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हे सर्वांत मोठं माप होतं. उतरत्या बाजू धरून हिशेब केला तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. डाळिंबाच्या बागेला उन्हाळा काढायला मोठाच आधार. आता दुसरा हिशेब. एप्रिल-मेमध्ये या माळावर दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी हवेत उडतं. नऊशे चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून आठ मिलिमीटर म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. दोन महिन्यांत तळ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा कुणालाही न मिळता जातो. कागद जमिनीकडची वाट बंद करतो, आकाशाकडची उघडीच राहते.

त्या काळ्या कागदावरच्या पाण्यात मात्र फार लवकर जीव धरतो. पहिल्या महिन्यात पाणी निळसर असतं, मग हिरवं होतं. शेवाळ. ठिबकच्या शेतकऱ्याला या शब्दाची धास्ती असते. ड्रीपरचं भोक मोहरीएवढंही नसतं, शेवाळाच्या चिकट्यानं ते बसतं आणि झाड तहानेलं राहिल्याचं आठ दिवसांनी पान सांगतं. सँड फिल्टर लावा, तो उलटा धुवा, क्लोरीन सोडा, आम्ल सोडा, हा सगळा वस्तूंचा इलाज झाला. काहींनी तळ्यात मासे सोडले. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाचं. तिघं मिळून पाणी उभं विंचरून काढतात. शेवाळ संपत नाही पण आवरतं. माशांच्या विष्ठेतलं नत्र पाण्याबरोबर झाडाच्या बुडाशी जातं आणि वर्षअखेर मासळीचे पैसे येतात. मासे आले की क्लोरीन तळ्यात टाकता येत नाही, तो फिल्टरच्या पुढे, नळीत सोडावा लागतो. म्हणजे जिवानं वस्तूची मांडणी बदलायला लावली. मला ही बारीकशी गोष्ट फार मोलाची वाटते. शेतकरी तळ्याला टाकी मानत होता, आता त्याला ते तळं मानावं लागतं.

कागदाबद्दल दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. उन्हानं तो काही वर्षांत तडकतो, मग फाटतो. फाटलेला कागद कुठे जातो? बांधावर, ओढ्यात, गोठ्याच्या छपरावर, कधी चुलीत. प्रत्येक शेततळ्यामागे शेकडो किलो प्लॅस्टिक जमिनीत येतं, तर ते परत नेण्याची व्यवस्था अनुदानाच्या कागदपत्रांतच असायला हवी होती. दुसरी गोष्ट जास्त दुखणारी आहे. पुष्कळ शेततळी पावसानं भरतच नाहीत, विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरतात. सगळ्यांचं भूजल वर काढून एकाच्या कागदावर ठेवायचं आणि त्यातला पाचवा हिस्सा उन्हाला द्यायचा, याला जलसंधारण म्हणता येत नाही. याच बारामतीत १९६० च्या दशकातल्या टंचाईत कामाच्या बदल्यात धान्य देऊन पाझर तलाव बांधले गेले. त्या कामातूनच पुढे १९७१ मध्ये अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. पाझर तलावाचा गुण त्याच्या नावातच आहे. तो गळावा म्हणूनच बांधतात आणि त्याचं पाणी खालच्या दहा विहिरींना मिळतं. कागदाचं तळं बरोबर याच्या उलट. दोन्हींची गरज आहे हे मान्य, पण कोणतं कोणत्या जागी, हे माळावर उभं राहून ठरायला हवं.

माळेगाव खुर्दला अशाच एका माळावर २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. दुष्काळ, क्षार, उष्णता, उथळ जमीन अशा, कीड-रोग सोडून पिकाला छळणाऱ्या सगळ्या गोष्टींचा अभ्यास करणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था. तिला मिळालेली जागा म्हणजे निव्वळ खडक आणि मुरूम. संशोधकांना पहिला प्रयोग स्वतःच्या अंगणावर करावा लागला. यंत्रांनी मुरूम फोडला, फळझाडांच्या खड्ड्यांत छोटे सुरुंग लावून खालचा कातळ तडकवला, खड्डे काळी माती आणि मुरूम यांच्या मिश्रणानं भरले. डिस्टिलरीच्या सांडपाण्यानं, म्हणजे स्पेंटवॉशनं, खडक लवकर झिजतो का, हेही तपासलं. सुरुंगानं पडलेली फट ही नुसती फट असते. तिच्यात मूळ शिरतं, ओलावा धरतं, पान गळून कुजतं, तेव्हा तिची माती होऊ लागते. निसर्ग ज्याला शतकं घेतो त्याची सुरुवात तिथे दहा-बारा वर्षांत झाली. डाळिंब, पेरू, चिकू त्या खडकात उभे आहेत.

तिथलं ड्रॅगन फ्रूट पाहताना मला निमगाव केतकीचे पानमळे आठवले. ड्रॅगन फ्रूट ही निवडुंगाच्या जातीची वेल. त्याची रंध्रं रात्री उघडतात, दिवसा मिटलेली राहतात, म्हणून पाणी थोडकं लागतं. उथळ जमिनीला योग्य म्हणून संस्थेनं त्याचा बराच अभ्यास केला आणि शेतकऱ्यांनी ते उचललं. वेलाला आधार हवा, म्हणून सिमेंटचा खांब, वर गोल कडं, एका खांबाला चार रोपं. मे महिन्यात तो खांब तापून निघतो. निमगाव केतकीला विड्याच्या पानाची वेलही आधारावर चढते, पण तिचा आधार शेवरी, शेवगा, पांगारा. आधार स्वतः वाढतो, सावली देतो, पाला गाळतो, आणि शेवरी तर मुळांवरच्या गाठींतून नत्रही देते. ही शेवरी धैंच्याच्याच कुळातली. आपल्या पानमळेवाल्यांनी खांबही जिवंत निवडला होता. निवडुंगाला दाट सावली नको, म्हणून तिथे सिमेंट ठीकच. तरी डाळिंबाच्या तारा, द्राक्षांचे अँगल, ड्रॅगनचे खांब यांनी भरत चाललेल्या माळावर हिंडताना मला जिवंत खांबाची ती हुशारी सारखी आठवत राहिली.

साखर कारखान्यांच्या मागच्या अंगाला, डिस्टिलरीत, हीच भागीदारी पोलादी टाक्यांमध्ये चालते. एक लिटर अल्कोहोलमागे दहा-पंधरा लिटर काळपट, उग्र वासाचा स्पेंटवॉश निघतो. हवाबंद टाकीत जिवाणू त्यातला मोठा सेंद्रिय भार खातात आणि त्याचा जळणारा वायू करतात. उरलेलं मळीत मिसळून खत होतं किंवा आटवून जाळतात. टाकी नीट चालली तर गाळपाच्या हंगामात बाहेरचं जग काहीच ओळखत नाही. ती नीट चालली नाही, किंवा तिच्यापर्यंत सगळं पोचलं नाही, की नीरेच्या काठच्या गावांना आधी वासावरून कळतं, मग पाण्याच्या रंगावरून, मग तरंगणाऱ्या मेलेल्या माशांवरून. जिवाणूंना सुट्टी नसते आणि त्यांना घाईही करता येत नाही. एवढं साधं पथ्य पाळायला जिथे कसूर होते, तिथे नदी किंमत मोजते.

जीव मोकाट सुटला की काय होतं ते इंदापूरच्या उत्तरेला पाहावं. १९८० मध्ये पूर्ण झालेलं उजनी धरण, एकूण साठा ११७ टीएमसी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेवाटे तिथे येतं. त्या खतावर जलपर्णी माजते, पाणी हिरवं होतं. कोळ्यांच्या जाळ्यात आता चिलापीच जास्त. देशी मासे मागे हटले. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी उतरतात आणि पर्यटक खूश होतात. नाव वल्हवणारा कोळी मात्र जाळ्यात काय आलं ते पाहतो.

शेवटी मी नीरा नरसिंहपूरला गेलो. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, जिथे नीरा भीमेला मिळते. लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ, खाली घाट. रानातला सोडियम पाइपात गेला, पाइपातून ओढ्यात, ओढ्यातून नीरेत, आणि नीरा इथे येते. बारामती-इंदापूरच्या प्रत्येक बऱ्या झालेल्या एकराचं मीठ या घाटावरून खाली, सोलापूरकडे निघालेलं असतं. नदीला पाणी भरपूर असेल तर ते कुणाला जाणवतही नाही. उन्हाळ्यात धार बारीक झाली की जाणवतं. धैंचा पेरणाऱ्याला हा हिशेब विचारणं अन्यायाचं आहे, त्यानं आपलं काम चोख केलं आहे. हा हिशेब नदीत किती पाणी ठेवायचं हे ठरवणाऱ्यांनी द्यायचा आहे. त्या दिवशी पाऊस झालेला होता. दोन्ही नद्या गढूळ होत्या आणि संगमावर नीरेचं पाणी थोडं गडद, बराच वेळ वेगळं ओळखू येत होतं. घाटावर एक बाई कळशी भरत होती. तिनं पाणी भीमेच्या बाजूनं घेतलं.